तांड्यावरच्या लेकरांना पहिलीत मराठी जमत नाही, काय करावं?

गुर्जी_जिंतूर
जिंतूर तालुक्यात एका तांड्यावर झेडपी शाळेत आहे, पहिली-दुसरी माझ्याकडं. लेकरं घरी गोरमाटी, म्हंजे बंजारा बोली, बोलतेत, शाळेत आले की गप. भाकरीचं चित्र दाखवलं की सगळे "बाटी बाटी" ओरडतेत, मी फळ्यावर भाकरी लिहिलं की वर्ग चूप. वरून सरकारच्या निपुण भारत योजनेचं टेन्शन, तिसरीपर्यंत वाचता आलंच पाहिजे. त्यात दिवाळीनंतर निम्मे आईबापासंग ऊसतोडीला. गोरमाटीतून सुरू करावं का? मला तर ती धड येत बी नाही.

किनवटची_मॅडम
सर तुम्हाला कशाला यायला पाहिजे, लेकरांना येतीय की. आमच्याकडं गोंडी अन् कोलामी, दोन्ही द्रविडी, मराठीशी काही ताळमेळच नाही. गावातल्याच एका आजीला वर्गात बसवते, त्या गोंडीत गोष्ट सांगतेत, लेकरं चित्र काढतेत अन् चित्राखाली ते जे बोलले तेच मी देवनागरीत लिहिते, पहिलं वाचन तेच. क, म, र एकदा ओळखू आले की मराठीला परत शून्यातून सुरू करावं लागत नाही. तोंडी मराठी मात्र रोज घ्या, खेळातून, गाण्यातून.

उदगीरवाला
पण पालकच म्हणतेत ना, बोली घरी येतीच, शाळेत मराठी इंग्रजी शिकवा. त्यांचं काय चुकलं? भरतीच्या परीक्षेला गोरमाटीचा पेपर असतो का? देगलूरकडं घरात तेलुगू बोलणारे पोरं मराठीतून दहावी होतेतच की.

किनवटची_मॅडम
होतेत, पण चौथीतच गळाले ते कुणी मोजले? अन् मराठी सोडा असं कोण म्हणालंय. प्राथमिकला मातृभाषेतून शिकायची सोय करा हे १९५६ पासून घटनेत आहे, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात (आरटीई) बी आहे, फक्त "शक्य तोवर" लिहून पळवाट ठेवलीय.

तांड्याचा_पोरगा
मी तांड्यावरचाच. जनगणनेत आमची बोली हिंदीत धरतेत अन् शाळेत गावंढळ समजतेत, मग आईबाप तरी तिच्यासाठी कशाला भांडतील उदगीरवाले? गुर्जी, लेंगी म्हणायला लावा लेकरांना, होळीची गाणी सगळ्यांना पाठ असतेत, त्यातल्याच ओळी फळ्यावर लिहा. नायकाला, म्हंजे तांड्याच्या प्रमुखाला, अन् चार याड्यांना (आयांना) शाळेत बोलवून ते ऐकवा. ऊसतोडीवाल्यांसाठी त्याच ओळींची हातानं लिहिलेली वही करा, जाताना संग द्या, तिकडं कारखान्यावरची साखरशाळा मिळो न मिळो.

गुर्जी_जिंतूर
वहीचं जमंल. उद्या नायकाकडं जातो. लेंगी मोबाईलवर रेकॉर्ड केली तर चालंल का कुणाला?