मदत हवी आहे: आण्णांच्या बीपी आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या, पाय सुजायलेत

बागायतदारीण
नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार आहे पण वाचा. माझे वडील, आम्ही आण्णा म्हणतो, वय ६७, तासगावजवळ द्राक्षबाग आहे, अजून रोज बागेत असतात. गेल्या वर्षी गावात तपासणी शिबिर होतं तिथं बीपी १७०/१०० निघालं. मग सांगलीला नेलं, डॉक्टरांनी टेल्मिसार्टन ४० आणि अॅम्लोडिपिन ५ अशी एकातच असलेली गोळी सकाळी आणि रात्री अॅटोर्वास्टॅटिन १० चालू केली, एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १६८ आलं होतं म्हणून. आता आण्णा माळकरी, अंडं-मटण जन्मात नाही, तूपसुद्धा पोळीवर सणाला तेवढंच, त्यामुळं "मला कसलं आलंय कोलेस्टेरॉल" हा त्यांचा सवाल अजून तसाच आहे आणि खरं सांगू का, माझ्याकडंपण उत्तर नाही.

सुरुवातीला सगळं बरं होतं. दिवाळीनंतर बीपी परत १५०-१५५ च्या खाली येईना म्हणून अॅम्लोडिपिन ५ चं १० केलं. तेव्हापासून संध्याकाळी दोन्ही घोटे सुजतात, बोटानं दाबलं की खड्डा पडतो आणि तसाच राहतो, चपलेच्या पट्ट्याचा वळ उठतो. सकाळी उठल्यावर बरंच उतरलेलं असतं. शिवाय मांड्या-पोटऱ्या भरून येतात म्हणतात, आणि वाकून काम करून उठलं की डोळ्यापुढं अंधारी.

घरात रोज एक डॉक्टर येतो, म्हणजे चुलते, शेजारी, किराणा दुकानवाले सगळेच. एकजण म्हणतो किडनी गेली म्हणून सूज, दुसरा म्हणतो कोलेस्टेरॉलची गोळी लिव्हर खाते. चुलत्यांनी तर स्वतःची गोळी कधीच सोडलीय, बीपी नॉर्मल आलं म्हणून. आण्णा आता म्हणायलेत "मीबी सोडतो, गोळ्या खाऊनच पाय सुजायलेत." डॉक्टरांकडं नंबर पुढच्या महिन्यात आहे, तिथं गर्दी एवढी की विचारायचं राहूनच जातं. मला एवढंच कळायला पाहिजे की सूज कुठल्या गोळीची, अंग दुखणं कुठल्या गोळीचं, आणि ह्या गोळ्या आत जाऊन नक्की करतात काय, म्हणजे आण्णांना नीट समजावता येईल, नाहीतर ते तिन्ही एकदम कचऱ्यात टाकणार.

मेडिकल मिरज
ताई, मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही, हे आधी सांगतो. सुजेचं वर्णन अगदी अॅम्लोडिपिनचं वाटतंय. ही गोळी धमन्यांच्या भिंतीतले स्नायू सैल करते, नळी रुंद झाली की दाब उतरतो. पण रक्त आणणाऱ्या बारीक नळ्या जेवढ्या रुंद होतात तेवढ्या परत नेणाऱ्या शिरा होत नाहीत. पाट मोठा केला आणि पुढची चर तेवढीच ठेवली तर पाणी बांधातनं पाझरणारच, तसं ते घोट्यात पाझरतं, आणि दिवसभर उभं राहणाऱ्या माणसाला जास्त. ५ पेक्षा १० ला हा त्रास बराच जास्त दिसतो. किडनी गेली असा त्याचा अर्थ नाही, पण तपासून घेतलेलं बरं. लघवी जास्त होणारी गोळी देऊनही ही सूज फारशी उतरत नाही, कारण अंगात पाणी जास्त झालेलं नसतं, ते फक्त चुकीच्या जागी आलेलं असतं. उपाय म्हणजे डोस कमी करणं नाहीतर गोळी बदलणं, सिलनिडिपिन आहे, त्यानं सूज कमी येते. पण ते डॉक्टरच ठरवतील.

एकाच पायाला सूज असेल आणि दुखत असेल, आडवं झाल्यावर दम लागत असेल, किंवा ओठ-चेहरा सुजला असेल तर मात्र पुढच्या महिन्याची वाट बघू नका, आजच दाखवा.

आता माझा प्रश्न. दिवाळीनंतर बीपी का वाढलं? थंडीत थोडं वाढतं हे खरं, पण आण्णा ह्या तीन औषधांशिवाय आणखी काय घेतात का? गुडघ्याची गोळी, काढा, पावडर, काहीही.

बागायतदारीण
दोन्ही पायांना आहे, दम वगैरे नाही. आणि हो, गुडघ्याची गोळी चालू आहे! फळछाटणीला ऑक्टोबरात बसून-उठून गुडघे धरले तेव्हापासून गावातल्या मेडिकलमधनं डायक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी आणतात, दुखलं की घेतात, म्हणजे जवळजवळ रोजच. ती काय बीपीची नाही म्हणून डॉक्टरांना सांगितली नव्हती. आणि आत्यानं पुण्याहून बीपीवाल्यांसाठीचं कमी सोडियमचं मीठ पाठवलंय, ते आण्णांच्या भाजीला वेगळं घालतो.

मेडिकल मिरज
बघा, माझ्या मते खरी मेख इथंच आहे. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन ह्या जातीच्या गोळ्या अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात, बीपी वाढवतात, सुजेतही भर घालतात. टेल्मिसार्टनचं कामही त्या अर्धवट पाडतात. म्हणजे असं झालं असणार: गुडघ्याच्या गोळीनं बीपी चढलं, डॉक्टरांना ती माहीतच नाही म्हणून त्यांनी अॅम्लोडिपिन दुप्पट केलं, त्यानं पाय सुजले, आणि आता सुजेचं नाव पुढं करून आण्णा सगळंच बंद करायला निघालेत. आमच्या काउंटरवर हे इतक्या वेळा दिसतं की काय सांगू, आणि दोष आमच्याच धंद्याचा, दुखतंय म्हटलं की पाकीट फाडून देतात.

टेल्मिसार्टनचं पण सांगतो. शरीर अँजिओटेन्सिन नावाचं एक रसायन तयार करतं, ते नळ्या आवळतं आणि किडनीला मीठ राखून ठेवायला लावतं. ही गोळी त्या रसायनाची बसायची जागाच अडवते. पण त्यामुळं पोटॅशियम अंगात साठू शकतं. आणि कमी सोडियमच्या मिठात सोडियमच्या जागी काय असतं, तर पोटॅशियम क्लोराइड! एरवी ते मीठ वाईट नाही, पण टेल्मिसार्टन घेणाऱ्यानं डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये, किडनी जरा कमी चालत असेल तर अजिबातच नको. पोटॅशियम फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात आणि आधी कळतही नाही. क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), सोडियम, पोटॅशियम रक्तातनं तपासून घ्या. गुडघ्याला तूर्त नुसतं पॅरासिटामॉल चालतं का ते विचारा. साधं मीठच कमी घाला आणि पापड, लोणचं, खारातल्या मिरच्या आवरा.

निसर्गप्रेमी
सगळ्या गोळ्या बंद करा, अर्जुनसालीचा काढा आणि उपाशीपोटी लसूण घ्या, महिन्यात फरक. कंपन्यांचा धंदा आहे हा सगळा.

कऱ्हाडकर
वरच्या सल्ल्यावर बीपीची गोळी सोडलेले आमचे काका अर्धांगवायूनं अंथरुणाला आहेत. चुलत्यांनापण सांगा ताई, बीपी नॉर्मल आलं ते गोळी चालू होती म्हणून आलं.

रिटायर गुरुजी
कोलेस्टेरॉलबद्दल मी लिहितो, स्वतः बरीच वर्षं घेतोय. आण्णांना सांगा, कोलेस्टेरॉल बहुतेक आपलं लिव्हरच बनवतं, ताटातलं त्यात थोडंच, त्यामुळं माळ घातली म्हणून ते बनायचं थांबत नाही. स्टॅटिन, म्हणजे ही कोलेस्टेरॉलची गोळी, लिव्हरमधलं ते बनवायचं एक एन्झाइम अडवतं, मग लिव्हरला कमी पडतं आणि ते रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. १० मिग्रॅ अॅटोर्वास्टॅटिननं साधारण ३५ ते ४० टक्के उतरतं, डोस दुप्पट केला की वर फक्त सहाएक टक्के. ह्या जातीचं पहिलं औषध जपानच्या अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकात बुरशीतनं शोधलं, म्हणजे मुळात तेही निसर्गातलंच, वर कुणाला हवं असेल तर.

स्नायू दुखणं हा ह्या गोळीचा खरा त्रास आहे, नाकारत नाही. पण २०२० मध्ये इंग्लंडातला एक अभ्यास छापून आला, त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना आलटून पालटून कधी खरी गोळी, कधी खोटी, कधी काहीच नाही असं दिलं. खऱ्या गोळीवर जो त्रास व्हायचा त्यातला ९० टक्के खोट्या गोळीवरपण झाला. म्हणजे त्रास खोटा नव्हता, पण बराचसा गोळी खातोय ह्या धास्तीचा होता. त्यात आण्णा दिवसभर वेलींखाली वाकलेले, त्यांच्या मांड्या गोळीशिवायपण भरतील. तरी सीपीके (स्नायूंना इजा झालीय का ते दाखवणारी रक्ततपासणी), थायरॉइड आणि ड जीवनसत्त्व बघून घ्या, थायरॉइड कमी असेल तर स्टॅटिनचा त्रास वाढतो. लघवी काळपट चहासारखी झाली आणि अंग फार दुखायला लागलं तर मात्र गोळी थांबवून लगेच दवाखाना. लिव्हर खाते म्हणणाऱ्यांना सांगा की एसजीपीटी, म्हणजे लिव्हरची तपासणी, थोडी वाढली तर चालतं, नॉर्मलच्या तिपटीच्या वर गेली की डॉक्टर विचार करतात. साखर किंचित वाढू शकते, ती अधूनमधून बघायची.

कऱ्हाडकर
मला आधी रॅमिप्रिल होतं, कोरड्या खोकल्यानं जीव नको केला, कीर्तनात बसायची सोय राहिली नाही. टेल्मिसार्टनवर बदलल्यावर गेला. सांगायचं एवढंच की त्रास झाला तर गोळी बदलून मिळते.

बागायतदारीण
सगळ्यांचे आभार. नंबरची वाट न बघता फोन करून आधीच गेलो, सगळी पाकिटं आणि ती मिठाची पिशवीपण पिशवीत घालून नेली, डॉक्टर मिठाची पिशवी बघून हसले पण वाचली मात्र नीट. गुडघ्याची गोळी बंद, अॅम्लोडिपिन परत ५, पोटॅशियम ५.४ आलं, थोडं वर आहे म्हणाले, मीठ बंद आणि दोन आठवड्यांनी परत तपासणी. उभं राहिल्यावरचं बीपीपण मोजलं, ते उतरत होतं, म्हणून वाकून काम केल्यावर सावकाश उठायला सांगितलंय. सीपीके नॉर्मल, ड जीवनसत्त्व कमी. स्टॅटिन चालूच. सूज उतरायलीय, गुडघ्यावरनं मात्र आण्णा रोज माझ्यावर चिडतात. आता एक शेवटचं, पंढरीला गेले की एखाददिवशी सकाळची गोळी राहतेच, मग दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या का?

मेडिकल मिरज
नाही. त्याच दिवशी आठवलं तर घ्या, नाहीतर दुसऱ्या दिवशी नेहमीची एकच. अॅम्लोडिपिन अर्धं उतरायलाच ३० ते ५० तास लागतात, एका दिवसानं लगेच बीपी उसळत नाही. मात्र वारीत जुलाब-उलट्या लागल्या आणि पाणी ठरेना तर टेल्मिसार्टन तेवढे दिवस थांबवायचं का ते डॉक्टरांना आत्ताच विचारून चिठ्ठीवर लिहून घ्या, अशा वेळी किडनीवर ताण येतो. आणि तिथं कुणी गुडघ्याला गोळी दिली तर खिशात घालू दे, तोंडात नको.