जांभळाच्या बियांची पावडर घ्यावी का? – सोसायटी ग्रुप

अनिलकाका, ए-203: फॉरवर्ड आलाय. "जांभळाच्या बियांची पावडर रोज एक चमचा, महिन्याभरात शुगरची गोळी बंद." गेटवर जांभळं आलीत, बिया टाकू नका.

मृणाल, बी-501: काका, बिया ठेवा, पण गोळी बंद नको. बियांमधली टॅनिनसारखी द्रव्यं प्रयोगशाळेत अल्फा-ग्लुकोसायडेज हे एन्झाइम अडवतात. भात-भाकरीच्या स्टार्चमधून शेवटी ग्लुकोज सुटं करणारं आतड्यातलं एन्झाइम ते हेच. व्होग्लिबोज ही शुगरची गोळी नेमकं हेच करते, म्हणून ती जेवायला बसताना घेतात. पावडर सकाळी अनशापोटी घेतली आणि नाश्ता दोन तासांनी केला, तर अडवायला समोर असतं काय?

सुधाताई, ए-104: म्हणजे जांभळं पोटभर चालतील?

मृणाल: नाही ताई, इथेच गफलत होते. जांभळाची साखर म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, आधीच सुटी. तिला ते एन्झाइम लागतच नाही. 100 ग्रॅम गरात साधारण 14 ग्रॅम कार्ब धरा. एका वेळी दहा-बारा बास. बाटलीतल्या सरबताच्या लेबलवर 'ॲडेड शुगर' आधी वाचा.

प्रसाद, सी-302: ब्राझीलमध्ये जांभळाच्या पानांच्या चहाची टाइप 2 मधुमेहाच्या रुग्णांवर रीतसर चाचणी झाली, 2004 साली छापून आली. उपाशीपोटीची साखर ग्लायब्युराइड या शुगरच्या गोळीने उतरली, चहाने नाही. चाचणी पानांची होती, बियांची नव्हे, हे खरं. पण "गोळी बंद" म्हणायला आधार नाही.

वैद्य नीलिमा, सी-102: चूर्णाची मात्रा दिवसाला 3 ते 6 ग्रॅम. बिया धुऊन तीन-चार दिवस वाळवा, वरचं पातळ टरफल काढा, हिरवट मगजाचे तुकडे करून पुन्हा वाळवा. तुकडा कडकन मोडला पाहिजे. वाकला तर आत ओल आहे. दळताना गोळा होतो आणि डब्यात बुरशी धरते. वास कुबट आला की सरळ फेका. तुरटपणा टॅनिनचा, त्यामुळे बद्धकोष्ठ वाढतं. लोहाच्या गोळीसोबत तर नकोच, लोह अंगी लागत नाही.

अनिलकाका: गोळी चालू ठेवून वर पावडर घेतली तर डबल फायदा?

मृणाल: ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड अशी शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. साखर फार उतरू शकते. फळातलं द्रव्य साखर उतरवतं म्हणजे गुणकारीच, असं नाही. बिहारमधल्या मुझफ्फरपूरला रात्री न जेवलेली, कुपोषित मुलं लिची खाऊन दगावली. लिचीतलं हायपोग्लायसिन उपाशी शरीराला नवी साखर बनवूच देत नाही.

सुधाताई: घाम, थरथर सुटली तर साखरपाणी द्यायचं ना?

मृणाल: माणूस शुद्धीवर असेल तरच. मीटरवर 70 च्या खाली असेल तर 3 चमचे साखर पाण्यात, 15 मिनिटांनी पुन्हा तपासणी. पण व्होग्लिबोज किंवा तसंच काम करणारी अकार्बोज चालू असेल तर घरची साखर फुटायला वेळ लागतो, कारण तीच वाट गोळीने अडवलेली असते. तिथे मेडिकलमधली ग्लुकोज पावडर, 15 ग्रॅम. बिस्किटं तर अजिबात नकोत, तो स्टार्चच.

सुधाताई: ह्यांना व्होग्लिबोजच आहे. ग्लुकोज आणून ठेवते. जांभळं पाव किलो कशी दिली हो?