पासवर्ड लावला की झालं? (ऑनलाइन चर्चा; नावं इंदूरच्या ठिकाणांवरून घेतलेली टोपणनावं)

राजवाडा ते रीगल: पलासियाकरांनी काल लिहिलं की गेममधल्या क्रेटवर (पैसे देऊन उघडायची पेटी, आत काय निघेल ते नशिबावर) कायदा मागणं म्हणजे लाड, आईबापांनी प्ले स्टोअरला पासवर्ड लावावा, विषय संपला. कसला संपला? ऑगस्ट 2025 च्या कायद्याने पैसे लावून पैसे जिंकायचे खेळ बंद केले. क्रेटमधून निघते स्किन, म्हणजे पात्राचा किंवा शस्त्राचा नवा पेहराव, रोकड नव्हे. त्यामुळे क्रेटला निसटायला भरपूर वाव आहे.

खरी मेख किमतीत आहे. क्रेट घ्यायची डायमंडमध्ये, म्हणजे रुपये देऊन घेतलेल्या गेममधल्या नाण्यांत. समजा क्रेट 80 डायमंडची, डायमंडचा पॅक 60 चा. दोन पॅक घ्या, 40 उरतात. ते वाया जाऊ नयेत म्हणून तिसरा. तोवर नेमके किती रुपये गेले याचा हिशेब कुणाला लागत नाही, आणि लागू नये म्हणूनच तर डायमंड! युरोपातल्या ग्राहक संरक्षण यंत्रणांनी मार्च 2025 मध्ये हेच सांगितलं: खऱ्या पैशांतली किंमत दाखवा, नको असलेली नाणी गळ्यात मारू नका.

पलासियाकर: बेल्जियमने 2018 मध्येच लूट बॉक्सना, म्हणजे अशाच क्रेटना, जुगार ठरवलं. पुढे तिथल्या सर्वाधिक कमाईच्या 100 आयफोन गेम तपासल्या, तर 82 मध्ये ते होतेच. झालं काय कायद्याने? आणि काय निघण्याची शक्यता किती ते जाहीर करायचा नियम अ‍ॅपलने 2017 पासून लावलाय. 1 टक्का लिहिलंय, म्हणजे शंभर क्रेटमागे एक. वाचायचंच नाही तर बोंब कशाला?

सराफा रात्री अकरा: भिया, इथेच घसरलात. 1 टक्क्याच्या शंभर क्रेट उघडून हात रिकामा राहण्याची शक्यता जवळपास 37 टक्के. तीनशे उघडल्या तरी वीसातला एक कोरडाच.

पलासियाकर: हमी असते ना. गेन्शिन या गेममध्ये 90 व्या पुलला (पुल म्हणजे क्रेट उघडण्यासारखाच एक डाव) मिळतंच.

सराफा रात्री अकरा: पाच तारेवालं, म्हणजे दुर्मिळ पात्र मिळतं, जाहिरातीतलंच मिळेल असं नाही. भलतं निघालं की पुन्हा 90. म्हणजे बजेट 180 चं धरा. मूळ शक्यता 0.6 टक्के, हमी मिसळून 1.6. दोन्ही आकडे छापलेले, दोन्ही खरे. पोराने कोणता धरायचा? जानेवारी 2025 मध्ये त्याच गेमच्या कंपनीने अमेरिकेत 2 कोटी डॉलर भरायचं कबूल केलं, शिवाय 16 खालच्यांना पालकांच्या संमतीशिवाय लूट बॉक्स विकायचे नाहीत अशी अट. ते सगळे वाचता न येणारेच होते वाटतं?

खजुरी बाजार: गणिताचा तास संपला असेल तर पासवर्डवर या. प्ले स्टोअरच्या ‘पर्चेस व्हेरिफिकेशन’मध्ये ‘दर 30 मिनिटांनी’ निवडलं असेल, तर एकदा पासवर्ड टाकला की अर्धा तास दार सताड उघडं. ‘नेहमी’ निवडा. आणि तेही बाहेरून डायमंड विकणाऱ्या टॉप-अप साइटवर कुचकामी: प्लेअर आयडी टाकायचा, दुसऱ्याच्या फोनवरून यूपीआय करायचं, डायमंड खात्यात. प्ले स्टोअरचा संबंधच येत नाही. पालकांना शहाणपण शिकवण्याआधी एवढं ठाऊक असावं!

पलासियाकर: धन्य झालो. मग दिल्लीहून प्रत्येक फोनमागे एक इन्स्पेक्टर पाठवा.

राजवाडा ते रीगल: इन्स्पेक्टर कशाला? सराफ्याच्या खाऊगल्लीत भुट्ट्याच्या किसाचा भाव रुपयांत सांगतात, डायमंडमध्ये नाही. तेवढंच मागतोय.

पलासियाकर: रुपयांत छापा, घ्या, मान्य. बंदीला मात्र विरोधच. आणि सराफ्याचं नाव काढलंतच म्हणून: भाव तोच ठेवून प्लेट अर्धी केली, त्यावर नाही कुणी कायदा मागत!