मदत हवी आहे: पिकअपची बॅटरी रात्रीत उतरते, दुकानदार म्हणतो नवी घ्या

ओतूरचा_शेतकरी
नमस्कार मंडळी. डिझेल पिकअप आहे, सात वर्षं जुनी. टोमॅटोचे क्रेट नारायणगावला, कधी वाशीला. संध्याकाळी घरी लावली की पहाटे सेल्फ घेत नाही. चावी फिरवली की डॅशबोर्डचे दिवे मंद होतात आणि नुसतं टक्-टक्. दुसऱ्या गाडीवरून जंप दिला की दिवसभर कितीही वेळा बंद-चालू करा, काही त्रास नाही.

बॅटरी ७५ अँपिअर-अवरची, दीड वर्षाची. बॅटरीवाला म्हणतो प्लेटा गेल्या. वायरमन म्हणाला म्युझिक सिस्टीम बॅटरी खाते, ती काढली, फरक शून्य. हौद्यातला एलईडी आणि फायनान्सवाल्यांनी बसवलेला जीपीएस, हे दोन्ही वरून जोडलेले आहेत. इंजिन चालू असताना टर्मिनलवर १४.१ व्होल्ट येतात. नवी बॅटरी घालून परत तेच रडगाणं नको. आधी काय तपासू?

जुना_वायरमन
१४.१ म्हणजे चार्जिंग होतंय. आता बॅटरी स्वतःच उतरते की गाडी तिला उतरवते, एवढं आधी ठरवा. चार्जरवर पूर्ण चार्ज करा, दोन मिनिटं हेडलाइट लावून वरवरचा चार्ज घालवा आणि रात्रभर निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा. सकाळी १२.५-१२.६ दिसले आणि गाडी झटक्यात सुरू झाली तर बॅटरी चांगली आहे. न जोडता १२ च्या आसपास उतरली तर वॉरंटी कार्ड घेऊन दुकानात जा.

पुणेरी_ड्रायव्हर
एवढी डोकेफोड कशाला? कटऑफ स्विच बसवा, रात्री बंद करा. काम झालं.

जुना_वायरमन
दादा, स्विच लावायला माझी ना नाही. पण त्याच्यावर विसंबून राहणं म्हणजे चोर घरात ठेवून बाहेरून कुलूप लावणं. करंट कुठंतरी जातोय, तिथं काहीतरी तापतंय.

ओतूरचा_शेतकरी
निगेटिव्ह काढून ठेवलं होतं. सकाळी १२.५८ व्होल्ट, अर्ध्या सेल्फमध्ये गाडी सुरू. म्हणजे बॅटरी निर्दोष. जीपीएस काढू का?

जुना_वायरमन
थांबा, आधी हिशोब करा. ७५ची बॅटरी दहा तासांत सेल्फ मारता येणार नाही इतकी उतरायला साधारण चार अँपिअर सतत जायला हवेत. बंद गाडीत २० ते ५० मिलीअँपिअर जाणं चालतं, घड्याळ आणि ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) तेवढं घेतात. जीपीएस त्यात थोडी भर घालेल, पण एका रात्रीत बॅटरी झोपवणार नाही. तेव्हा मोठं गिऱ्हाईक शोधा. डिझेलमध्ये माझा पहिला संशय चिकटलेल्या ग्लो प्लग रिलेवर, म्हणजे गार इंजिन तापवणाऱ्या प्लगच्या स्विचवर, दुसरा अल्टरनेटरवर, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करतो त्याच्यावर.

इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब घ्या. निगेटिव्ह केबल काढून, केबल आणि बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाच्या मध्ये तो जोडा. दरवाजे बंद, चावी काढलेली. बल्ब भगभगीत पेटला तर मोठी गळती आहे. मग एकेक फ्यूज आणि रिले उपसा. ज्याला बल्ब विझेल, त्या लाइनीत दोष. अशा वेळी लोक थेट मल्टीमीटर लावतात, पण स्वस्त मीटरचं १० अँपिअरचं भोक फक्त काही सेकंदांपुरतं असतं. बल्ब असताना जळायला काही उरत नाही. आणि बल्ब किंवा मीटर मध्ये जोडलेलं असताना सेल्फ मारू नका.

ओतूरचा_शेतकरी
बल्ब पूर्ण पेटला! बॉनेटखालची आणि केबिनमधली दोन्ही फ्यूज पेटी रिकामी केली, ग्लो रिलेही उपसला. हौद्याचा एलईडी आणि जीपीएस दोन्ही सोडवले. बल्ब तसाच.

जुना_वायरमन
मग आता अल्टरनेटरच. त्याची जाड वायर बऱ्याच गाड्यांत थेट बॅटरीकडे जाते, फ्यूज उपसून ती तुटत नाही. उद्या पहाटे गाडी सुरू करण्याआधी अल्टरनेटरला हात लावून बघा. रात्रभर उभ्या गाडीत तो इंजिनाइतकाच गार हवा. त्यानंतर निगेटिव्ह काढा, अल्टरनेटरमागच्या जाड वायरीचा नट सोडा, टोकाला टेप गुंडाळा, आणि बल्ब परत लावा. वायर सुटलेली असताना इंजिन चुकूनही सुरू करायचं नाही.

ओतूरचा_शेतकरी
इंजिन गार, अल्टरनेटर कोमट! वायर सोडली आणि बल्ब विझला. मग मीटर लावला, वायर असताना ४.२ अँपिअर, सोडल्यावर ०.०३. पण मग १४.१ व्होल्ट चार्जिंग कसं येत होतं?

जुना_वायरमन
आत डायोड असतात, ते करंट बॅटरीकडे जाऊ देतात आणि उलटा येऊ देत नाहीत. त्यातला एखादा गळका झाला की इंजिन चालू असताना बाकीचे काम चालवून नेतात, म्हणून व्होल्टेज ठीक दिसतं. बंद झालं की त्याच गळक्यातून करंट मागे जातो. तुमच्या वायरमनचंही चुकलं म्हणता येत नाही, नुसत्या व्होल्टमीटरवर हा दोष दिसत नाही.

हे डायोड ज्यावर बसवलेले असतात ती रेक्टिफायर प्लेट सुटी मिळते का विचारा, मिळाली तर पूर्ण अल्टरनेटर घेऊ नका. उघडतोच आहे तर ब्रश आणि बेअरिंग बघून घ्यायला सांगा. बॅटरी इतक्या वेळा तळाला गेली आहे, तिला एकदा मंद चार्ज द्या. झाकणं उघडत असतील तर हायड्रोमीटरने (ॲसिडची घनता मोजायची नळी) प्रत्येक घर बघा, एखादं बाकीच्यांपेक्षा फार खाली दिसलं तर मग बॅटरीवाल्याचं ऐका.

ओतूरचा_शेतकरी
प्लेट मिळतेय, वर्कशॉपवाल्याने परवाचा वार दिलाय. तोवर रात्री निगेटिव्ह काढून ठेवतो. दहा नंबरचा पाना आता गाडीतच आहे.