डीएनए घेतला, पण जुळवायचा कुणाशी?
"डीएनए चाचणी असताना बेवारस मृतदेहाची ओळख पटायला अडचण काय" हा मुद्दा मला अर्धाच पटला. नमुना जुळवायला समोर नातेवाईक हवा. ऑस्ट्रेलियात ॲडलेडजवळ सोमर्टन किनाऱ्यावर डिसेंबर १९४८ मध्ये सापडलेल्या माणसाच्या कपड्यांची लेबलं काढलेली होती. मृत्यूनंतर त्याच्या चेहऱ्यावरून घेतलेल्या प्लास्टरच्या मुखवट्यात अडकलेल्या केसांवरून ॲडलेड विद्यापीठातले प्राध्यापक डेरेक ॲबट यांनी २०२२ मध्ये कार्ल वेब हे नाव मांडलं, तेही दूरच्या नातलगांचे नमुने वंशावळीच्या संकेतस्थळांवर आधीच होते म्हणून. आपल्याकडे तसं कुठे आहे?

सोलापुरात अडचण वेगळीच. मुंबई-चेन्नई मार्गावरचं हे स्टेशन, माणूस कुठूनही आलेला असतो. रुळांजवळ सापडलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या पंचनाम्याला मी पंच होतो. शर्टाच्या कॉलरला शिंप्याचं कन्नड लेबल. इथे अकस्मात मृत्यूची नोंद होणार, आणि बेपत्ता झाल्याची तक्रार असलीच तर विजापूर नाहीतर गुलबर्ग्याच्या ठाण्यात, कन्नडमध्ये. दोन्ही कागद एकमेकांना भेटणार कसे? त्या लेबलचा जवळून फोटो काढून तिकडे पाठवा, हे मी तिथेच आग्रहानं सांगितलं. चेहरा उन्हाळ्यात फार लवकर ओळखू येईनासा होतो. म्हणून ज्यांच्या घरचं कुणी बेपत्ता आहे त्यांनी तक्रारीत कपडे कुणाकडे शिवले होते तेही जरूर लिहावं.