सनस्क्रीनमधलं ‘नॅनो’: भीती खरी की उगाच?

अबोली
मैत्रिणीने युरोपातून येताना सनस्क्रीन आणलं. ट्यूबमागची बारीक अक्षरं भिंगातून वाचली, तर झिंक ऑक्साइड या ऊन अडवणाऱ्या पांढऱ्या भुकटीच्या नावापुढे कंसात ‘नॅनो’. म्हणजे 100 नॅनोमीटरपर्यंतचे कण. केसाची जाडी साधारण 80 हजार नॅनोमीटर असते, यावरून काय ते समजा. इतकं बारीक काहीतरी रोज तोंडाला चोळायचं आणि ते आत शिरत नाही म्हणायचं? निव्वळ दिसण्यासाठी, म्हणजे चेहरा पांढरट दिसू नये म्हणून, ही जोखीम मला पटत नाही. चुकत असेन तर खोडून काढा.

खलबत्ता
खोडतो. जाड कणांचं झिंक ऑक्साइड मनगटावर फासून बघा. चुना लावल्यासारखा पांढरा पट्टा उमटतो, कारण मोठे कण दिसणारा प्रकाश विखुरतात. कण बारीक केले की हा प्रकाश आरपार जातो, अतिनील किरण मात्र अडतात. ‘निव्वळ दिसणं’ म्हणून हे उडवून लावू नका. चेहरा भुतासारखा दिसायला लागला की माणसं नखाएवढं क्रीम लावून मोकळी होतात, आणि मग उन्हापासून संरक्षण मिळतच नाही.
राहिलं आत शिरणं. त्वचेचा सर्वांत वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. 500 डाल्टनपेक्षा (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं एकक) जड रेणूलाही तिथून सहसा वाट मिळत नाही. झिंक ऑक्साइडचा कण म्हणजे तर लाखो अणूंचं गाठोडं.

अबोली
मग 2010 सालच्या ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगाचं काय? समुद्रकिनाऱ्यावर 20 जणांना पाच दिवस सनस्क्रीन लावलं. त्यातलं झिंक ओळखू यावं म्हणून झिंक-68 हा समस्थानिक, म्हणजे झिंकचाच वेगळ्या वजनाचा प्रकार, वापरला होता. तेच झिंक त्यांच्या रक्तात आणि लघवीत सापडलं.

खलबत्ता
अर्धीच गोष्ट सांगताय. शरीरात मुळातच असलेल्या झिंकच्या मानाने ते प्रमाण नगण्य होतं. शिवाय सापडले ते अख्खे कण की विरघळून सुटलेले आयन (विद्युतभार असलेले सुटे अणू), हे त्या पद्धतीने कळूच शकत नव्हतं. झिंक आपण रोज जेवणातून घेतोच की!

अबोली
‘कळूच शकत नव्हतं’ हा तुमचा बचाव आहे. माझी तक्रारच ती आहे.

सायसाखर
तुम्ही दोघंही चुकीच्या दाराशी भांडताय. दार नाकाचं आहे. युरोपच्या वैज्ञानिक समितीने नॅनो झिंक ऑक्साइड त्वचेवर 25 टक्क्यांपर्यंत चालेल म्हटलं, पण फुप्फुसात जाईल असा स्प्रे नको, असंही बजावलं. सनस्क्रीनमधलीच दुसरी पांढरी भुकटी, टायटॅनियम डायऑक्साइड, हिला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ‘कर्करोगकारक असू शकेल’ या गटात टाकलं तेही श्वासातून गेलेल्या धुळीमुळे, आणि मुख्य पुरावा उंदरांवरचा. क्रीम बोटाने लावा. बंद खोलीत डोळे मिटून तोंडावर स्प्रे मारणाऱ्यांना आधी अडवा.

खलबत्ता
स्प्रेबद्दल वाद नाही. एक भर घालतो. टायटॅनियम डायऑक्साइडचे उघडे कण उन्हात ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू तयार करतात, म्हणून त्यांच्यावर सिलिका किंवा अॅल्युमिनाचं कवच चढवतात. ते कवच किती टिकतं, हा प्रश्न विचारा. नुसतं ‘नॅनो’ वाचून घाबरू नका.

रात्रपाळी
आणि ‘नॅनो सोनं’ विकणाऱ्या क्रीमवाल्यांचं काय? नॅनो रूपातलं सोनं, प्लॅटिनम, तांबं आणि कलिली चांदी (द्रवात तरंगणारे चांदीचे अतिसूक्ष्म कण) युरोपने फेब्रुवारी 2025 पासून सौंदर्यप्रसाधनांत बंद केली. सोन्याच्या नावाने लोकांनी चुना लावून घेतला, तो मात्र पांढरा दिसला नाही.

खलबत्ता
हा हा! पण सगळ्याच नॅनोला त्या माळेत ओवू नका. लायपोसोम म्हणजे स्निग्ध पदार्थाचे इवलेसे बुडबुडे. 1986 पासून क्रीममध्ये आहेत, त्वचेवर फुटून विरून जातात. घटकांच्या यादीतला युरोपचा ‘नॅनो’ शिक्का फक्त न विरघळणाऱ्या, टिकून राहणाऱ्या कणांना लागतो, म्हणून यांना लागत नाही.

अबोली
म्हणजे डबीच्या पुढे ‘नॅनो तंत्रज्ञान’ असं ठळक छापायचं आणि मागच्या यादीत तो शब्दच नाही, हेही कायद्यात बसतं! मग सामान्य माणसाने वाचायचं काय?

सायसाखर
मागची यादी. पुढचं छापलेलं ती जाहिरात.

अबोली
बरं. स्प्रे घरात येणार नाही, एवढं ठरलं. ट्यूब मैत्रिणीला परत देतेय. मला पांढरा पट्टा चालतो.