नकाशे नियमात बसतात, मग नगरसेवकाला कशाला भेटायचं?

टेकूवाला, गिरगाव
आमच्या चाळीच्या गॅलरीला दोन पावसाळे लाकडी टेकू आहेत. खालून वाकूनच जायचं. नवा पोस्टमन पहिल्याच दिवशी कपाळ फोडून घेऊन गेला. जुन्या चाळींच्या पुनर्विकासाच्या नियम 33(7) खाली 51 टक्के भाडेकरूंची संमती झाली, नव्या इमारतीचे नकाशे पालिकेत गेले. एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या मानाने बांधकाम, किती, भोवती मोकळी जागा किती, पार्किंग किती, सगळं मुंबईच्या बांधकाम नियमावलीत, डीसीपीआर 2034 मध्ये लिहिलंय. आयओडी (नकाशांना पालिकेची मंजुरी) आणि सीसी (काम सुरू करायचा दाखला) यांवर नगरसेवकाची सही लागतच नाही. तरी फाइल अडली की सल्ला एकच, ‘एकदा साहेबांना भेटून या.’ नियमात बसतं ते ठरलेल्या दिवसांत मंजूर करा, मधे कुणी नको.

पार्लेकर
असं कसं? मैदानाचं आरक्षण उठवायचं तर राज्याच्या नगररचना कायद्याच्या, एमआरटीपीच्या, कलम 37 खाली आधी पालिका सभागृहाचा ठराव, मग हरकती-सूचना, मग राज्य सरकार. ठराव करणारे आपण निवडून दिलेले असतात. मार्च 2022 पासून जवळजवळ चार वर्षं सभागृहच नव्हतं, प्रशासकराज होतं. तेव्हा झाली का तुमची फाइल पटकन?
आमच्या गल्लीत तीन मजल्यांचे सात झाले, गल्ली तेवढीच. सकाळी टँकर उलटा काढताना दोन सोसायट्यांचे वॉचमन शिट्ट्या मारत असतात. नगरसेवकाला निदान घरी जाऊन गाठता येतं, ऑनलाइन मंजुरीच्या पोर्टलला कुठं गाठू?

पागडीवाली
तुमचं चालू द्या. आमच्याकडे सगळ्या मंजुऱ्या आहेत, बिल्डरच पळालाय. तो देत होता ते पर्यायी घराचं भाडं दोन वर्षं बंद. सासूबाई अजून जुन्या घराची किल्ली पदराला बांधून फिरतात.

टेकूवाला, गिरगाव
ताई, तुमचं दुखणं वेगळं आणि मोठं आहे, मान्य.
पार्लेकर, आरक्षण बदलायला ठराव हवाच, मी कुठे नाही म्हणतोय? मी नियमातल्या इमारतीचं बोलतोय. तुमच्याकडे विमानांच्या फनेलमुळे, म्हणजे चढण्या-उतरण्याच्या मार्गामुळे, इमारतीच्या उंचीचा आकडा विमानतळ प्राधिकरण देतं. तिथे कुणी हार घेऊन भेटायला जातं का?

पार्लेकर
नाही जात. आणि त्या आकड्यामुळेच आमच्या इमारतीला बिल्डर हात लावत नाही. वर मजलेच चढत नाहीत, तर विकणार काय? आठ जण येऊन चहा पिऊन गेले. दाद मागायला नगरसेवकाकडे गेलो, तर तो म्हणाला, ‘काका, हे माझ्या हातात नाही.’

टेकूवाला, गिरगाव
माझ्या फाइलीबद्दल असं म्हणाला असता तर पेढे वाटले असते.